कानानं बघायचा खेळ

टीव्ही घरोघरी पोचण्याआधी रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुरुडसारख्या गावात कसोटी सामन्याचे पाच दिवस ट्रान्झिस्टरभोवती जायचे. पानाच्या टपरीवर, शिंप्याच्या मशीनशेजारी, कोळीवाड्यात जाळी शिवत बसलेल्या माणसांच्या मधोमध एक संच ठेवलेला असायचा. मुंबईचं ब्रेबॉर्न किंवा वानखेडे स्टेडियम यातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसायचं. तरीही संध्याकाळी वाद रंगायचा तो असा, की स्लिपमध्ये आणखी एक माणूस हवा होता की नको. आणि झेल सुटला तेव्हा गलीतला खेळाडू जरा जास्तच मागे उभा होता, हे छातीठोकपणे सांगणाराही कुणीतरी असायचाच.

चित्र तर कुणी दाखवलं नव्हतं. आला होता तो फक्त आवाज, तोही खरखरीतून गाळून. मग दोन वेगळ्या घरांत बसलेल्या दोन माणसांच्या डोक्यात एकच मैदान, एकाच जागी उभा असलेला एकच क्षेत्ररक्षक उमटायचा कसा?

याचं श्रेय बहुतेक वेळा समालोचकाच्या आवाजाला दिलं जातं. आवाज महत्त्वाचा आहेच. पण निव्वळ आवाजावर चाळीस-पन्नास वर्षं टिकलेला समालोचक शोधून सापडायचा नाही. टिकतो तो क्रम सांभाळणारा: आधी काय सांगायचं, मग काय सांगायचं, काय गाळायचं आणि तोंड केव्हा मिटायचं हे ज्याला कळतं तो. रेडिओवरच्या धावत्या वर्णनाची सगळी करामत या क्रमात आहे.

अर्ध्या सेकंदात मावणारी अक्षरं

साध्या हिशेबानं सुरुवात करू. ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो. भरभर बोलणारा माणूस तेवढ्या वेळात तीन-चार अक्षरं उच्चारू शकतो. ‘गोलंदाज’ हा एक शब्द संपेपर्यंत चेंडू यष्टीरक्षकाच्या हातात गेलेला असतो. म्हणजे ज्याला आपण धावतं वर्णन म्हणतो, ते खऱ्या अर्थानं चेंडूबरोबर धावूच शकत नाही. समालोचक एक तर चेंडूच्या आधी बोलतो, नाही तर नंतर.

आता दुसरा हिशेब. कसोटीच्या एका दिवसात ९० षटकं टाकायची असतात आणि खेळ सहा तास चालतो. म्हणजे एका षटकाला चार मिनिटं आणि एका चेंडूला ४० सेकंद. यातला प्रत्यक्ष खेळ पाच-सात सेकंदांचा. उरलेला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ मैदानावर काहीच घडत नसतं. गोलंदाज परत चालत जातो, फलंदाज हातमोजे सारखे करतो, कप्तान मिड ऑफला दोन पावलं डावीकडे सरकवतो.

समालोचकाचं खरं काम या रिकाम्या अर्ध्या मिनिटात होतं. क्षेत्ररचना इथेच सांगितली जाते. गोलंदाज कोण, कुठल्या बाजूनं येणार, आधीचा चेंडू कुठे पडला होता, फलंदाज किती धावांवर आहे, हे सगळं ऐकणाऱ्याच्या मनात आधीच मांडून ठेवलेलं असतं. त्यामुळे चेंडू पडल्यावर दोनच शब्द पुरतात. ‘कव्हरमधून!’ एवढंच म्हटलं, तरी कव्हरला कुणी उभं नाही हे ऐकणाऱ्याला मघाशीच ठाऊक झालेलं असतं. चौकार कळायला त्याला पुढच्या वाक्याची वाट बघावी लागत नाही.

मराठी समालोचकापुढे आणखी एक अडचण असते, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘फलंदाजानं पुढे सरसावत एक्स्ट्रा कव्हरच्या डोक्यावरून चेंडू उंच मारला’ हे वाक्य लेखात शोभेल. रेडिओवर ते निरुपयोगी आहे, कारण मारला की सोडला हेच शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही आणि तोवर प्रेक्षकांचा गलका ऐकू आलेला असतो. म्हणून कसलेला समालोचक वाक्याची मोडतोड करतो: ‘पुढे आला... मारला! उंच! एक्स्ट्रा कव्हरवरून... खाली कुणी आहे का? नाही... एक टप्पा आणि सीमारेषेपार. चार धावा.’ क्रियापद पुढे आलं, कर्ता गळाला, कारण तो आधीच सांगून झाला होता. ‘खाली कुणी आहे का?’ हा प्रश्नही वाया गेलेला नाही. चेंडू हवेत असतानाचे दोन-तीन सेकंद त्यानं भरून काढले आणि ऐकणाऱ्याचा श्वासही तेवढा वेळ रोखून धरला.

शाळेच्या निबंधात असं लिहिलं तर गुण कापले जातील. पण बोली मराठीत गडबडीच्या वेळी माणसं असंच बोलतात. ‘पडला! माडावरून! तो धाकटा!’ असंच ओरडलं जातं. चांगल्या समालोचकानं ही बोलीतली घाई नेमकी उचलली.

> चौकट: एका चेंडूचे ४० सेकंद
>
> पहिले २० ते २५ सेकंद: आधीच्या चेंडूचा निकाल, धावसंख्या, फलंदाजाची धावसंख्या, गोलंदाजाचा हिशेब, एखादी आठवण.
>
> पुढचे ८ ते १० सेकंद: क्षेत्ररचनेतला बदल, गोलंदाज धाव घेण्याच्या खुणेपाशी.
>
> ४ ते ५ सेकंद: ‘निघाले... पंचांच्या बाजूनं...’ आवाजाची पट्टी चढत जाते.
>
> अर्धा सेकंद: शांतता, फार तर एक शब्द.
>
> उरलेले सेकंद: काय झालं, चेंडू कुठे गेला, कुणी अडवला, किती धावा. याच क्रमानं.

अंध श्रोता आणि चौकोनांचं मैदान

खेळाचं वर्णन ऐकणाऱ्याला दिसेल असं कसं करायचं, हा प्रश्न रेडिओ सुरू झाला तेव्हाच पडला होता. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं ५ ऑगस्ट १९२१ रोजी बेसबॉलचा सामना पहिल्यांदा प्रक्षेपित केला. हॅरॉल्ड आर्लिन हे त्याचे निवेदक. पुढे १५ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीनं ट्विकनहॅमहून इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचं वर्णन ऐकवलं, तेव्हा निवेदक टेडी वेकलम यांच्यासाठी दोन युक्त्या केल्या होत्या. पहिली अशी, की मैदानाचे क्रमांक टाकलेले चौकोन पाडून तो नकाशा बीबीसीच्या साप्ताहिकात आधीच छापला. वेकलम वर्णन करत असताना एक सहकारी शेजारून चेंडू कितव्या चौकोनात आहे ते पुकारायचा. घरी बसलेला माणूस नकाशावर बोट ठेवून सामना बघायचा.

दुसरी युक्ती जास्त हुशारीची होती. युद्धात दृष्टी गमावलेल्या एका सैनिकाला वेकलम यांच्यासमोर बसवलं होतं. लाखो अनोळखी श्रोत्यांशी बोलायचं दडपण घेण्यापेक्षा या एका माणसाला खेळ समजावून सांग, असा त्यामागचा विचार. आजही रेडिओ समालोचनाची यापेक्षा चांगली व्याख्या सापडत नाही.

क्रिकेटला छापील चौकोन लागले नाहीत, कारण मैदानाचा नकाशा खेळाच्या भाषेतच होता. स्लिप, गली, पॉइंट, कव्हर, मिड ऑफ, मिड ऑन, फाइन लेग ही सगळी जागांची नावं. गावात नव्या पाहुण्याला घराचा पत्ता सांगताना आपण कसं सांगतो? तिठ्यावरून वळा, वडाच्या पुढे, शाळेच्या मागे. ठळक खुणा पक्क्या असल्या की बाकीचं आपोआप जुळतं. समालोचकाच्या खुणा म्हणजे खेळपट्टीची दोन टोकं. वानखेडेवर एक गरवारे पॅव्हेलियनचं आणि दुसरं टाटा एंड. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय हे एकदा सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात मैदानावर आपली जागा पकडतो.

फक्त एक घोटाळा होऊ शकतो. ही नावं फलंदाजाच्या तोंडाच्या दिशेवर ठरतात. डावखुरा फलंदाज समोर आला की अख्खा नकाशा उलटा होतो आणि मघाशी कव्हरला असलेला माणूस आता मिडविकेटला जातो. डावखुरा आणि उजवा फलंदाज जोडीनं खेळत असतील तर प्रत्येक एकेरी धावेनंतर हा उलटफेर होतो. टीव्हीवर ते दिसतं. रेडिओवर सांगावं लागतं, आणि दर वेळी सांगूनही कंटाळवाणं होऊ द्यायचं नसतं. समालोचकाची परीक्षा षटकारापेक्षा अशा एकेरी धावांत होते.

बाळ पंडित यांची कारकीर्द

मुंबईत १९३०च्या दशकात रेडिओवर इंग्रजी वर्णनाचा दबदबा बॉबी तल्यारखान यांनी निर्माण केला. चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामन्यांचे ते दिवस. तल्यारखान दिवसभर एकट्यानं बोलायचे. जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर मायक्रोफोन दुसऱ्याच्या हातात जात नसे. पुढे आकाशवाणीला तीन-तीन समालोचक नेमायचे होते, ते त्यांना मान्य झालं नाही आणि ते बाजूला झाले. त्यांच्यानंतरच्या पिढीत मुंबईच्या सुरेश सरैया यांनी शंभराहून अधिक कसोटी सामन्यांचं इंग्रजी वर्णन केलं. हिंदीत इंदूरच्या सुशील दोशी यांचं नाव घरोघरी पोचलं.

मराठीत हे काम उभं केलं पुण्याच्या बाळ ज. पंडित यांनी. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी करंडक खेळलेले. चेंडू हातातून सुटताना मनगट कसं वळलं, खेळपट्टीला कुठे भेग पडली आहे, फलंदाजाचा पाय का अडकला, हे त्यांना बाहेरून शिकावं लागलं नव्हतं. त्याला लेखनाची जोड होती. क्रिकेटवर त्यांनी मराठीत भरपूर पुस्तकं लिहिली. सुनील गावस्कर यांच्या ‘सनी डेज’चा मराठी अनुवादही त्यांचाच. सप्टेंबर २०१५ मध्ये पुण्यात वयाच्या ८६व्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांचा आवाज ऐकत मोठी झालेली एक अख्खी पिढी साठीच्या पुढे गेलेली होती.

त्यांच्या कामाची अडचण आज कल्पनेनंच समजून घ्यावी लागते. क्रिकेट हा साहेबाचा खेळ, त्याचं वर्णन इंग्रजीतच शोभतं, अशी समजूत शिकलेल्या माणसांत होती. मराठी वर्णन म्हणजे ओढूनताणून केलेलं भाषांतर होईल, अशी भीतीही होती. पंडितांनी दोन्ही टोकं टाळली. षटक, यष्टी, खेळपट्टी, सीमारेषा, पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत, निर्धाव हे शब्द श्रोत्यांच्या अंगवळणी पडले ते त्यांच्यासारख्या समालोचकांमुळे आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या वि. वि. करमरकर यांच्यासारख्या क्रीडासंपादकांमुळे. मात्र स्लिप, गली, यॉर्कर, गुगली यांना कुणी हात लावला नाही, कारण ते आधीच मुलांच्या तोंडी होते. ही निवड फार शहाणपणाची होती. ‘पायचीत’ म्हटलं की खेळ न कळणाऱ्या आजीलाही पायाची काहीतरी भानगड झाली एवढं कळतं. ‘एलबीडब्ल्यू’ तिला काहीच सांगत नाही. ज्या माध्यमात चित्र नाही, तिथे शब्दानंच चित्राचं काम करायचं असतं. या दृष्टीनं पंडितांचं काम भाषेच्या अभिमानापेक्षा श्रोत्याच्या सोयीचं होतं आणि म्हणूनच ते टिकलं.

समालोचन कक्षात समालोचक एकटा नसतो, हेही सांगायला हवं. शेजारी गुणलेखक बसलेला असतो. एखाद्या फलंदाजाचं अर्धशतक एका धावेवर आलं, एखाद्या गोलंदाजाची सलग चार षटकं निर्धाव गेली, की तो चिठ्ठी पुढे सरकवतो. आनंदजी डोसा, सुधीर वैद्य अशा मुंबईच्या संख्याशास्त्रज्ञांनी भारतीय क्रिकेटचे आकडे जपले नसते, तर त्या रिकाम्या अर्ध्या मिनिटात सांगण्यासारखं कितीतरी हाताशीच नसतं.

तीन मिनिटांची वाळू

श्रोता एका जागी बसून दिवसभर ऐकत नाही. कुणी मध्येच संच लावतो, कुणी होडीवरून उतरून टपरीपाशी येतो आणि पहिला प्रश्न विचारतो: ‘स्कोर काय झाला?’ समालोचकाला हा माणूस दिसत नाही. तो दर मिनिटाला कुठेतरी नव्यानं येत असतो.

अमेरिकेत रेड बार्बर नावाचे बेसबॉलचे नामवंत निवेदक होते. त्यांनी यावर साधा उपाय काढला. अंडी उकडताना वापरतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ते समोर ठेवायचे. वाळू खाली गेली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. सामना कितीही रंगात आला तरी हा नेम मोडायचा नाही. क्रिकेटमध्ये षटक संपलं की धावसंख्या सांगायची पद्धत हेच काम करते, पण चांगले समालोचक षटकाची वाट बघत नाहीत.

बार्बर यांनी तयार केलेला चेला म्हणजे विन स्कली. १९५० साली ब्रुकलिन डॉजर्स संघासाठी त्यांनी मायक्रोफोन हातात घेतला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. १९५८ साली संघ लॉस एंजेलिसला गेला, स्कलीही गेले, आणि २०१६ पर्यंत तेच डॉजर्सचा आवाज राहिले. एकूण ६७ हंगाम. एकाच संघासाठी एवढी वर्षं दुसरं कुणी बोललेलं नाही. २०२२ साली ९४व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

लॉस एंजेलिसच्या सुरुवातीच्या वर्षांत डॉजर्सचे सामने कोलिझियम नावाच्या अवाढव्य मैदानावर व्हायचे. नव्वद हजारांहून अधिक माणसं मावतील एवढं मोठं. लांबच्या रांगांतून खेळ नीट दिसत नसे, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. समोर सामना चालू आहे आणि हजारो माणसं तो रेडिओवर ऐकत आहेत, अशी अवस्था. एकदा, १९६० साली, स्कली यांनी आज पंचांचा वाढदिवस आहे, सगळ्यांनी मिळून शुभेच्छा देऊ, असं रेडिओवर सांगितलं. क्षणात सगळं मैदान एका सुरात ओरडलं. पंच चकित झाले. रेडिओ ऐकणारे किती आहेत हे मोजायला त्या दिवशी पाहणीची गरज उरली नाही.

गप्प बसण्याची कला

स्कली लहान असताना घरातल्या मोठ्या रेडिओखाली आडवे पडून सामने ऐकायचे. त्यांना आवडायचा तो गर्दीचा आवाज. वरून कोसळणारा तो गजर अंगावर घ्यायला त्यांना मजा वाटे. ही गोष्ट ते अनेकदा सांगत, आणि तिच्यातच त्यांच्या कामाची किल्ली आहे.

८ एप्रिल १९७४ रोजी बेसबॉलमध्ये हँक एरन यांनी बेब रूथ यांचा होमरनचा, म्हणजे चेंडू थेट मैदानापार मारण्याचा, विक्रम मोडला. अमेरिकेच्या दक्षिणेत, अटलांटात, एका कृष्णवर्णी खेळाडूनं तो विक्रम मोडला, या घटनेचं वजन फार मोठं होतं. चेंडू पार गेल्याचं सांगून स्कली गप्प झाले. जवळजवळ अर्धा मिनिट ते बोलले नाहीत. त्या अर्ध्या मिनिटात फक्त लोकांचा जल्लोष ऐकू येत राहिला. मग त्यांनी त्या क्षणाचा अर्थ सांगितला. आधी घटना, मग गर्दी, मग अर्थ. पुन्हा क्रमच.

हे शक्य होतं ते ध्वनीच्या व्यवस्थेमुळे. समालोचकाचा मायक्रोफोन वेगळा आणि मैदानाचा आवाज टिपणारा वेगळा. अनेक समालोचन कक्षांत ओठाला टेकवून धरायचा खास मायक्रोफोन वापरतात. त्याची रचना अशी, की अगदी जवळून आलेला आवाज तो पकडतो आणि लांबून आलेला जवळपास टाकून देतो. त्यामुळे आजूबाजूला पन्नास हजार माणसं ओरडत असली तरी समालोचकाचं बोलणं स्वच्छ येतं. गर्दीचा आवाज दुसऱ्या मायक्रोफोनवरून घेऊन तंत्रज्ञ तो हवा तेवढा मिसळतो. समालोचक थांबला की तंत्रज्ञ गर्दी वर आणतो. दोघांचं संगनमत असेल तरच शांतता शोभते. नाही तर श्रोत्याला वाटतं, संच बिघडला.

आपल्याकडच्या आजच्या टीव्ही समालोचनात ही शांतता जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि ते नुकसान आहे.

मैदानावर न जाता केलेलं वर्णन

क्रमाचं महत्त्व किती, याचा सर्वांत विलक्षण पुरावा १९३०च्या दशकातला आहे. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता. एवढ्या लांबून थेट आवाज आणणं तेव्हा भरवशाचं नव्हतं. म्हणून सिडनीच्या स्टुडिओत समालोचक बसवले. इंग्लंडहून दर षटकाची सांकेतिक तार यायची. ती उलगडून समालोचक समोर घडत असल्यासारखं वर्णन करायचे. बॅटवर चेंडू आदळल्याचा आवाज हवा म्हणून लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिल आपटायची. टाळ्या आणि गलका तबकडीवरून वाजवायचा. पुढे दीर्घकाळ गाजलेले ॲलन मॅकगिल्व्हरे याच चमूत होते.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका केंद्रावर एक तरुण निवेदक तारेवरून आलेल्या मजकुरावर शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या सामन्यांचं असंच वर्णन करायचा. एकदा नवव्या डावात तार बंद पडली. फलंदाज बिली जर्जेस समोर उभा. निवेदकानं काय करावं? त्यानं जर्जेसला चेंडूमागून चेंडू बाहेर तटवायला लावले. निकाल न लागणारे फटके, एकामागून एक, तार पुन्हा सुरू होईपर्यंत. त्या निवेदकाचं नाव रोनाल्ड रेगन. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते हा किस्सा रंगवून सांगत.

श्रोत्यांना खोटं वाटलं नाही, कारण त्यांना जे लागतं ते सगळं ठरल्या क्रमानं मिळत होतं. जागा, कृती, परिणाम, धावसंख्या.

मुंबईचा आवाज मुरुडपर्यंत

आता राहिला प्रश्न आवाजाच्या प्रवासाचा. मुंबईहून मुरुड रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण पक्ष्याच्या वाटेनं दक्षिण मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटर. मधे बराचसा समुद्र. मध्यम लहरींवरच्या आकाशवाणीला हा समुद्र फार मानवतो. मध्यम लहरी जमिनीला धरून सरकतात आणि सरकताना त्यांची ताकद जमीन शोषत जाते. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्यामुळे त्यावरून जाताना ही घट खूपच कमी होते. म्हणून घाटापलीकडच्या गावात खरखर ऐकू येई तेव्हा किनाऱ्यावर, होडीवरसुद्धा, मुंबई केंद्र स्वच्छ लागायचं. एफएमच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर मधे आला की त्या अडतात, आणि मुरुडच्या पाठीशी तर फणसाडचे डोंगर उभे आहेत.

रात्री आणखी एक बदल होतो. वातावरणाच्या वरच्या भागात सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित थर तयार होतात. त्यांतला सर्वांत खालचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून रात्री अनोळखी केंद्रं ऐकू येतात. लघुलहरी तर दिवसाही अशाच उड्या मारत समुद्र ओलांडतात. भारताचा संघ ऑस्ट्रेलियात असला की पहाटे उठून रेडिओ ऑस्ट्रेलिया लावणारे शौकीन महाराष्ट्रात गावोगावी होते.

यातून एक गंमत निघते. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगानं जातात. ७० किलोमीटरला एका सेकंदाचा चार हजारावा भागही लागत नाही. ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे यष्टीजवळच्या मायक्रोफोननं टिपलेला बॅटचा आवाज थेट प्रक्षेपित झाला, तर तो मुरुडच्या श्रोत्याला आधी ऐकू येईल आणि वानखेडेवर शंभर मीटर लांब बसलेल्या प्रेक्षकाला नंतर! आज मात्र आवाज अनेक डिजिटल यंत्रांतून फिरून येतो, त्यामुळे हा हिशेब बिघडला आहे. उपग्रहावरून येणारा टीव्ही काही सेकंद मागे असतो आणि मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण तर कधी कधी अर्धा मिनिटही मागे पडतं. म्हणून शेजारच्या घरातून ‘आउट!’ असा ओरडा आल्यावर आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच येत असतो.

किनाऱ्यावरचे समालोचक

रायगड जिल्ह्यात पावसाळा सरला की टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. गावागावांचे संघ, चार-सहा षटकांचे डाव, रात्री फ्लडलाइट. मुरुडच्या समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट बसते आणि त्यावर मुलांचा खेळ रंगतो. स्पर्धा म्हटली की मंडप येतो, भोंगे येतात आणि मायक्रोफोन धरलेला मराठी समालोचकही येतो.

या समालोचकाचं काम पंडितांपेक्षा वेगळं. त्याच्यासमोरचे लोक खेळ डोळ्यांनी बघत असतात, त्यामुळे चेंडू कुठे गेला हे त्यानं सांगायची गरज नसते. तो खेळाडूचं गाव सांगतो, बक्षिसाची आठवण देतो, गर्दीला चेतवतो. पण गेल्या काही वर्षांत हे सामने यूट्यूबवर थेट दिसू लागले आणि त्याचा श्रोता बदलला. गावचा मुलगा मुंबईत लोकलमध्ये लटकलेला असतो, कुणी आखातात कामावर असतो. फोन खिशात, कानात इअरफोन. तो बघत नाही, ऐकतो. त्याच्यापुरता तो सामना पुन्हा रेडिओवर आला आहे, आणि त्याला पुन्हा तेच हवं असतं: गोलंदाज कुठल्या बाजूनं, क्षेत्ररक्षक कुठे, चेंडू कुठे गेला, धावसंख्या काय.

ज्या तरुण समालोचकांनी हे ओळखलं आहे, त्यांचं वर्णन वेगळं उठून दिसतं. षटकार गेल्यावर ते आधी ‘समुद्राच्या बाजूला’ की ‘माडांच्या बाजूला’ ते सांगतात आणि मग ओरडतात. बाकीचे नुसतेच ओरडतात.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना म्हणून एक विनंती. भोंग्याच्या खर्चात आणखी थोडी भर घालून मैदानाचा आवाज टिपणारा दुसरा मायक्रोफोन लावा, समालोचकाशेजारी एक गुणलेखक बसवा, आणि सामन्याच्या ध्वनिमुद्रणावर तारीख आणि समालोचकाचं नाव नोंदवून ते जपून ठेवा. १९६५ साली डॉजर्सचे गोलंदाज सँडी कोफॅक्स यांच्या ‘परफेक्ट गेम’च्या (प्रतिस्पर्ध्याच्या एकाही फलंदाजाला तळापर्यंत पोचू न देण्याच्या) वेळी विन स्कली शेवटच्या डावात घड्याळाची वेळ मुद्दाम सांगत राहिले, कारण ते ध्वनिमुद्रण पुढे खेळाडूला भेट द्यायचं होतं. त्या रात्री ९ वाजून ४६ मिनिटं झाली होती, हे आज साठ वर्षांनीही सांगता येतं ते त्यामुळेच.